मुद्देमालाचे काय झाले?

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी २८ वर्षे वकिली केली आणि गेली सहा वर्षे मी रहस्यकथा लिहितो. हे ऐकल्यावर समोरचा माणूस बहुधा डोळे मिचकावून म्हणतो, "मग काय, तुमच्याकडे मालमसाला भरपूर असणार!" वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. वकिलीने मला मालमसाला फारसा दिला नाही. जो दिला त्यातला बराचसा वापरण्याची मला मुभा नाही. आणि जी सवय दिली, ती पहिली दोन वर्षे माझ्या प्रत्येक कथेच्या आडवी आली.

वकिली सुटण्याचे कारण मुळीच नाट्यमय नव्हते. सत्र न्यायालयात एका मारहाणीच्या खटल्यात मी साक्षीदाराचा उलटतपास घेत होतो. साक्षीदार निफाडकडचा शेतमजूर होता आणि कठड्यात उभा राहिल्यापासून त्याचा आवाज खाली पडला होता. घटनेच्या वेळी तो विहिरीजवळ होता की नव्हता, एवढाच प्रश्न होता. त्याने "व्हतो" म्हटले की "नव्हतो", हे मला नीट ऐकू आले नाही. मी "नव्हतो" असे धरून पुढचे तीन प्रश्न विचारले, तेव्हा न्यायाधीशांनी मला सौजन्याने थांबवले आणि टंकलेखकाला आधीचे उत्तर वाचून दाखवायला सांगितले. पक्षकाराचे त्यात नुकसान झाले नाही, परंतु उजव्या कानाने दगा दिला आहे हे त्या दिवशी माझ्या आणि भरलेल्या न्यायकक्षाच्या एकदमच लक्षात आले. श्रवणयंत्र घेतले, पण त्यातून पंख्याची घरघर साक्षीदारापेक्षा स्पष्ट ऐकू येई. उलटतपास हे मुळात कानाचे काम आहे, आणि उत्तराआधीचा अर्धा क्षणाचा थांबा ज्याला ऐकू येत नाही त्याने ते करू नये, असे माझे मत आहे. मी चालू खटल्यांची वकीलपत्रे हळूहळू ज्युनियरकडे सोपवली आणि स्वतःकडे खरेदीखते, मृत्युपत्रे आणि सल्ल्याचे काम तेवढे ठेवले.

त्यामुळे दुपारी मोकळ्या झाल्या. मेहेर सिग्नलवरून चालत सार्वजनिक वाचनालयात जाण्याची शाळकरी वयातली सवय पुन्हा लागली. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयाला आम्ही नाशिककर 'सावाना' म्हणतो. लहानपणी तिथल्या रहस्यकथाकार बाबूराव अर्णाळकरांच्या पुस्तकांवर आम्हा मुलांच्या उड्या पडत, आणि एका सुट्टीत आपण किती 'काळा पहाड' संपवले यावरून भांडणे होत. साठीकडे झुकलेल्या वयात त्याच कपाटासमोर उभे राहिल्यावर, आपणही एखादी रहस्यकथा लिहून पाहावी असे वाटले. खून कसा होतो, तपास कसा होतो आणि खटला कसा चालतो, हे आपल्याला ठाऊक आहे. उरले ते फक्त लिहिणे, अशी माझी समजूत होती.

पहिली कथा दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या वाटणीवरून झालेल्या खुनाची होती. शेवटच्या प्रसंगात मळ्यातल्या बंगल्यात सगळे नातेवाईक जमले आहेत, पोलीस निरीक्षक एकेक धागा उलगडत आहेत, आणि थोरला पुतण्या मटकन खाली बसून "होय, मीच मारलं काकांना" असे म्हणतो आहे, इथवर लेखणी आली आणि थांबली. माझ्यातला बचाव पक्षाचा वकील हरकत घ्यायला उभा राहिला होता. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हे कलम २५ होते, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आले आहे. म्हणजे माझ्या कथेतला खुनी कथा संपल्यावर दोन-तीन वर्षांनी निर्दोष सुटणार होता, आणि त्याला सोडवण्याचा युक्तिवाद मला तोंडपाठ होता.

मग मी वाट बदलली. पुतण्या पोलिसांच्या ताब्यात असताना म्हणतो, "विळा मी जिथे टाकला ती जागा दाखवतो." त्याच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित असलेल्या कथनापुरता भाग पुराव्यात घेता येतो. वकिलांच्या जगात हे जुने 'कलम २७' आणि त्याचा निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीचे ते सांगणे पंचांसमोर लिहून घेतलेला कागद. परंतु निवेदन पंचनाम्याला पंच लागतात, आणि पंच ही आपल्याकडची सर्वांत ठिसूळ वस्तू आहे. तीन वर्षांनी साक्षीला आल्यावर ते "पोलिसांनी ठाण्यात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली" असे सांगतात, सरकारी वकील त्यांना फितूर जाहीर करतात, आणि पंचनाम्याचा जोर ओसरतो. मी ही कथा प्रामाणिकपणे पंच फितूर होईपर्यंत लिहिली. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती परत पाठवली आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, "कथेत कायदा फार आहे, खून कमी आहे." राग आला, दोन दिवसांनी पटले.

वकील आणि रहस्यकथाकार यांच्या कामात एका जागी कमालीचे साम्य आहे आणि लगेच पुढच्या जागी पूर्ण विरोध आहे, हे त्या चिठ्ठीनंतर मला उमगू लागले. साम्याची जागा परिस्थितीजन्य पुराव्याची आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका खुनाच्या अपिलात अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या, आणि त्यांना निकालपत्रातच 'पंचशील' म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झालेली हवी. ती आरोपीच्या अपराधाशीच सुसंगत हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. अपराधाखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता तिने वगळली पाहिजे. आणि पुराव्याची साखळी इतकी अखंड हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी आधार उरू नये. बार रूममध्ये हे पाचही मुद्दे आम्ही श्लोकासारखे म्हणायचो. कोणतीही रहस्यकथा घेऊन तिला हे पंचशील लावून पाहावे, असा माझा वाचकांना आग्रह आहे. बहुतेक कथा चौथ्या कसोटीवर पडतात, कारण गुप्तहेराने सांगितलेली हकीकत संभवनीय असते, पण तेवढीच संभवनीय दुसरी हकीकत त्याने खोडून काढलेली नसते. कथेत टाळ्या पडतात. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळाला असता.

विरोध नेमका इथूनच सुरू होतो. बचाव पक्षाच्या वकिलाला ती दुसरी शक्यता जिवंत ठेवायची असते. ती खरी असण्याची गरज नाही. ती मेली नाही, एवढे पुरते. २८ वर्षे मी हेच केले आणि त्याबद्दल मला कसलीही खंत नाही, कारण सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असावा हे तत्त्व मला आजही मोलाचे वाटते. रहस्यकथाकाराला मात्र शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने तो संशय मारून टाकावा लागतो. माझ्या हाताला ती सवय नव्हती. माझ्या सुरुवातीच्या कथा वाचून माझी पत्नी म्हणायची, "अहो, पण केलं कोणी?" आणि मी म्हणायचो, "ते सिद्ध होत नाही." त्यावर ती शांतपणे हस्तलिखित बाजूला ठेवून कुकर लावायला उठायची.

या अडचणीतून माझ्याआधी कोण गेले होते, हे शोधताना दोन वकील भेटले. पहिले अमेरिकेतले अर्ल स्टॅन्ली गार्डनर. कायद्याच्या शाळेत ते जेमतेम टिकले. पुढे वकिलांच्या कचेऱ्यांत काम करत स्वतःच अभ्यास केला आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियाची सनद मिळवली. ऑक्सनार्ड आणि व्हेंचुरा या गावांत त्यांनी वकिली केली, आणि चिनी व मेक्सिकन स्थलांतरित पक्षकारांची कामे त्यांच्याकडे पुष्कळ असत. दिवसा न्यायालय आणि रात्री टंकलेखन यंत्र, असा क्रम ठेवून ते स्वस्त मासिकांसाठी कथा पाडत राहिले आणि वर्षाला १२ लाख शब्द लिहिण्याचे लक्ष्य त्यांनी स्वतःला घालून दिले. (मी दिवसाला ३०० शब्द लिहितो आणि त्यातले १०० दुसऱ्या दिवशी खोडतो.) १९३३ मध्ये पेरी मेसन हा त्यांचा वकील पहिल्यांदा कादंबरीत आला, आणि मग ८० हून अधिक कादंबऱ्या त्याच्या नावावर झाल्या. गार्डनर यांनी संशयाचा प्रश्न मोठ्या चतुराईने सोडवला. त्यांचा वकील नुसता संशय निर्माण करून थांबत नाही. तो उलटतपासातच खरा गुन्हेगार उघडा पाडतो, त्यामुळे अशीलही सुटते आणि वाचकही सुटतो.

आमच्या न्यायालयात हे जमणार नाही, याची कारणे मला कथेपेक्षाही रंजक वाटतात. मेसनचे पुष्कळसे खटले प्राथमिक सुनावणीतच संपतात, म्हणजे खटला वरच्या न्यायालयात पाठवावा की नाही हे ठरण्याच्या टप्प्यावर. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून त्या टप्प्यावर साक्षीदार तपासण्याची पद्धतच उरली नाही. दंडाधिकारी कागदपत्रांच्या नकला आरोपीला देऊन खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात. मेसन नाशिकला असता, तर त्याला पहिल्या दिवशी फक्त नकला आणि पुढची तारीख मिळाली असती. साक्षीदाराने कठड्यात कोसळून कबुली देणे तर मी २८ वर्षांत एकदाही पाहिले नाही. आमच्याकडच्या मराठी साक्षीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते: "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." वकिलाने ते सुचवायचे, साक्षीदाराने ते नाकारायचे, टंकलेखकाने ते टिपायचे आणि सगळ्यांनी जेवायला जायचे. या वाक्याइतका निरुपयोगी आणि तरीही अपरिहार्य संवाद दुसऱ्या कोणत्या नाटकात असेल, असे मला वाटत नाही.

गार्डनर यांच्याविषयी मला अधिक आदर वाटतो तो वेगळ्या कारणाने. कीर्ती आणि पैसा मिळाल्यानंतर, १९४८ मध्ये, त्यांनी एका मासिकाच्या मदतीने एक उपक्रम सुरू केला, ज्याचे नाव मराठीत 'अखेरचे न्यायालय' असे सांगता येईल. चुकीने शिक्षा झाली असावी असे वाटणाऱ्या कैद्यांची प्रकरणे न्यायवैद्यक आणि तपासातल्या जाणकारांकडून पुन्हा तपासून घ्यायची, आणि जे सापडेल ते लोकांपुढे मांडायचे. कथेतला निर्दोष अशील कागदावर सोडवून त्यांचे समाधान झाले नव्हते. पुढे मेसनवरची दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये संपली, तेव्हा तिच्या अखेरच्या भागात ते स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले होते. आयुष्यभर युक्तिवाद केलेल्या माणसाने ही हौस भागवून घ्यावी, यात मला काहीच गैर दिसत नाही.

दुसरे वकील आपल्या जवळचे निघाले, इतके की मला थोडी लाज वाटली. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्षी १९९३ मध्ये दूरदर्शनवर आला तेव्हा आमचे घर त्या मालिकेसाठी थांबत असे, परंतु त्याचा जनक वकील होता हे मला ठाऊक नव्हते, आणि तो आयुष्याचा मोठा काळ पुण्यात राहिला हेही नव्हते. त्यांचे वडील मुंगेरचे वकील होते. शरदिंदूंनीही कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे वकिली केली आणि ती सोडून दिली. ब्योमकेशच्या पहिल्या कथा १९३२ च्या, म्हणजे मेसनच्या एक वर्ष आधीच्या. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईला आले, आणि १९५२ मध्ये चित्रपटाचे काम सोडून पुण्यात स्थायिक झाले. मध्ये जवळजवळ १५ वर्षे त्यांनी ब्योमकेशला हात लावला नव्हता. पूर्ण झालेल्या ३२ ब्योमकेशकथांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या पुण्यातल्या वास्तव्यात लिहिल्या गेल्या. कोलकात्याच्या हॅरिसन रोडवरचे ते बिऱ्हाड पुण्यात बसून कागदावर उतरत होते, हे कळल्यावर मला नाशिकमध्ये बसून लिहिण्याचा संकोच उरला नाही.

ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. या शब्दाकडे मी वकील म्हणून पाहतो तेव्हा त्यात एक राजीनामा दिसतो. न्यायालय सत्याचा शोध घेत नाही, ते पुराव्याची तपासणी करते, आणि तसेच असायला हवे. ज्या माणसाने काही वर्षे ते काम केले आणि सोडले, त्याने न्यायालयाच्या बाहेर उभा राहणारा नायक घडवला. ब्योमकेश साक्षीपुराव्याच्या कटकटीत क्वचितच अडकतो, आणि काही वेळा तर सत्य कळल्यावर गुन्हेगाराला कायद्याच्या हवाली करायचे की नाही हेही स्वतःच ठरवतो. गार्डनर न्यायकक्षात शिरले, शरदिंदू बाहेर पडले, आणि दोघांनीही आपापल्या परीने तोच पेच सोडवला. दोघेही १९७० मध्ये वारले. एक मार्चमध्ये, दुसरे सप्टेंबरमध्ये. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण वकिलाला तारखा जुळल्या की बरे वाटते.

मला दोघांचीही वाट जमली नाही. मी तिसऱ्याच ठिकाणी, कागदपत्रांत, जाऊन बसलो. द्राक्षबागेची कथा मी चौथ्यांदा लिहिली ती एका फेरफार नोंदीवर. जमिनीच्या हक्कात बदल झाला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. माझ्या कथेत त्या नोटिशीवर मयत काकांची पोच म्हणून सही आहे, आणि सहीच्या तारखेला काका उजव्या हाताला प्लास्टर घालून रुग्णालयात पडलेले आहेत. सही हुबेहूब आहे, आणि म्हणूनच ती खोटी आहे. कबुली नाही, विळा नाही, पंच नाहीत. एक सरकारी कागद आणि रुग्णालयाचे एक केसपेपर. चौथी कसोटीही त्यात बरीचशी भागली. संपादकांनी या वेळी ती घेतली, मात्र सातबाऱ्यावरची दोन पाने कापून. त्या दोन पानांचे मला अजून वाईट वाटते.

भाषेसाठी मी ऋणी आहे तो पंचनाम्यांचा. पंचनामा रुक्ष असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी चांगल्या हवालदाराने लिहिलेला एखादा वाचावा. खोलीची चतुःसीमा, दाराचे तोंड कोणत्या दिशेला, कडी आतून की बाहेरून, प्रेताचे डोके कोणीकडे, आणि मग ते अप्रतिम शब्द: 'रक्तासारखे दिसणारे डाग'. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते रक्त म्हणायचे नाही. दिसले तेवढे लिहायचे, समजले ते लिहायचे नाही. रहस्यकथेत वाचकाशी प्रामाणिक राहून त्याला फसवायचे असेल, तर याहून चांगला नियम मला सापडलेला नाही.

आता त्या मालमसाल्याविषयी. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करता येत नाही, आणि हे बंधन वकीलपत्र संपल्यावरही संपत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होते, नव्यात १३२ आहे. त्यामुळे ज्या चार-पाच हकीकती खरोखर कथा होण्याच्या लायकीच्या आहेत, त्या माझ्याबरोबरच जातील. गाव बदलून, नाव बदलून, सोन्याऐवजी जमीन घालून लिहिता येईल असे मित्र सुचवतात. मी एकदा तसा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या पानावर मला त्या हकीकतीतल्या पक्षकार बाईंचा आवाज ऐकू आला. कान चांगला होता तेव्हा ऐकलेला. मी ते कागद फाडले. वकिलाने लेखन करायला बार कौन्सिलच्या नियमांची आडकाठी नाही, पण जाहिरातीला बंदी आहे, म्हणून कथेवर नावाआधी 'ॲड.' छापू नये अशी विनंती मी प्रत्येक संपादकाला करतो. ती पाळली जाते असे नाही.

माझे पहिले वाचक म्हणजे माझे जुने कारकून. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. वयाने ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे आहेत आणि कोणता अर्ज कोणत्या निशाणीला, म्हणजे खटल्यातल्या कोणत्या क्रमांकाला, आहे हे त्यांना रोजच्या कामकाजाची नोंद असलेला रोजनामा न पाहता सांगता येत असे. आता ते रविवारी सकाळी गंगापूर रोडवर माझ्याकडे येतात, चहा घेतात आणि हस्तलिखित मांडीवर ठेवून वाचतात. खुनी कोण, याकडे त्यांचे लक्ष नसते. "साहेब, घटना ऑगस्ट २०२४ ची दाखवलीत, मग खुनाला जुनं कलम ३०२ कसं? नव्या कायद्यात आता १०३ लागतं," असे ते शांतपणे सांगतात, आणि मी मुकाट्याने दुरुस्ती करतो. एकदा माझ्या कथेतल्या फौजदाराने रविवारी सकाळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून दस्ताची नक्कल आणली होती. त्यावर भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गेल्या रविवारी त्यांनी माझी नवी कथा संपवली. रामकुंडाजवळच्या एका जुन्या वाड्यात घडणारी ही कथा लिहायला मला सात महिने लागले. शेवट मला मनासारखा साधला आहे असे वाटत होते. वारसांचा निवाडा होतो, खरा माणूस उघडा पडतो, वाड्याच्या दाराला कुलूप लागते. भाऊंनी शेवटचे पान उलटून मागे काही आहे का ते पाहिले, चष्मा काढला आणि विचारले, "सगळं बरोबर आहे, साहेब. पण त्या पितळी अडकित्त्याचं काय झालं? तो पोलिसांनी जप्त केला होता ना? मुद्देमालाचा, म्हणजे जप्त वस्तू कोणाला द्यायच्या याचा, आदेश कुठे आहे?"

मी म्हटले की ही कथा आहे, निकालपत्र नव्हे. ते काही बोलले नाहीत. फक्त पुन्हा चष्मा लावून कागद नीट लावू लागले. ते गेल्यावर मी शेवटचे पान घेतले आणि वाड्याच्या कुलपाखाली एक ओळ वाढवली: 'मुद्देमालातील पितळी अडकित्ता अपिलाची मुदत संपल्यानंतर मयताच्या मुलीस परत देण्यात यावा.'